कर्सर हलेल, पण फॉर्म पुढे जाईल का? गोव्याच्या दिव्यांगजन आयुक्तांना खुलं पत्र

मा. राज्य दिव्यांगजन आयुक्त, गोवा यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. हे पत्र माझ्या धाकट्या भावाच्या निमित्तानं लिहिते आहे. घरात त्याला सगळे बाब म्हणतात, इथेही तेच म्हणते.

2017 च्या ऑगस्टमध्ये, चवथ दहा-बारा दिवसांवर आलेली असताना, बाब मित्रांबरोबर एका बंद पडलेल्या चिरेखाणीत पोहायला गेला. पावसाळ्यात या खाणी काठोकाठ भरतात. पाणी हिरवंगार आणि खोल दिसतं. त्यानं कडेवरून सूर मारला. जिथे मारला तिथे पाण्याखाली चिरे कापून राहिलेली पायरी होती, वर जेमतेम कंबरभर पाणी. मानेचा चौथा मणका मोडला. तेव्हा तो 22 वर्षांचा होता. आज त्याची मान फिरते, खांदे किंचित उचलतात, श्वास तो आपला आपण घेतो. त्याखाली काही हलत नाही. दर दोन तासांनी आई किंवा मी त्याची कूस बदलतो, रात्रीसुद्धा, कारण एकदा पाठीला जखम झाली की ती भरून यायला महिने जातात.

गेली दोनेक वर्षं आमच्या फोनवर एकच बातमी फिरून फिरून येते. मेंदूत चिप बसवली आणि लुळा पडलेला माणूस नुसत्या विचारानं कॉम्प्युटर चालवू लागला. पाठवणाऱ्यांचं मन चांगलं असतं. शेजारच्या काकींनी तर ती बातमी वाचून म्हाळसेला नारळ ठेवला आणि आईला येऊन सांगितलं, "आता बाब उठणार." त्या रात्री आईनं मला विचारलं, "खरं का गं?"

आईला उत्तर द्यायचं म्हणून मी मिळेल ते वाचून काढलं. जे समजलं ते थोडक्यात सांगते, कारण पुढची मागणी त्यावरच उभी आहे.

हात हलवायचं आपण मनात आणतो तेव्हा मेंदूच्या वरच्या थरातल्या एका पट्ट्यातल्या पेशी विजेचे बारीक ठोके सोडतात. मणक्यातली वाट तुटली की ते हातापर्यंत पोचत नाहीत. पण म्हणून सुटायचे थांबतात का? अमेरिकेत 2004 मध्ये ब्रेनगेट नावाच्या प्रयोगात मॅट नेगल या तरुणाच्या मेंदूवर 4 मिलिमीटर लांबी-रुंदीची एक चकती बसवली, तिला शंभरेक बारीक सुया. चाकूहल्ल्यात त्याच्या मानेला इजा होऊन तीन वर्षं झाली होती. तरी ठोके चालूच होते. ते टिपून कॉम्प्युटरनं त्यांचा अर्थ लावला आणि नेगलनं पडद्यावरचा बाण हलवला, ई-मेल उघडून दाखवली, टीव्ही चालवला.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी बाबला विचारलं, "हात हलवायचा प्रयत्न अजून करतोस का रे?"

तो म्हणाला, "ताई, रोज. गालावर डास बसला की मी आधी हातच उचलतो. तो उचलला गेला नाही हे मागून कळतं."

आठ वर्षं मी त्याच्या उशाशी बसते आहे आणि हे मला माहीत नव्हतं. त्याचा निपचित पडलेला हात मी रोज पुसते, नखं कापते. त्या हाताला वरून हुकूम अजून येत असेल, रोज, प्रत्येक डासाला, असं मनातही आलं नव्हतं.

नेगलनंतर काम बरंच पुढे गेलं. ऑस्ट्रेलियात 2019 पासून कवटी न उघडता, मानेतल्या शिरेतून जाळीची नळी मेंदूजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेऊन बसवण्याचे प्रयोग झाले, हृदयात स्टेंट घालतात साधारण तसे. 2021 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की हात हलत नसलेल्या माणसानं अक्षरं लिहिण्याची नुसती कल्पना केली तरी मिनिटाला 90 अक्षरं पडद्यावर उमटतात. जानेवारी 2024 मध्ये नोलंड आर्बॉ या तरुणाला न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीचं यंत्र मेंदूत बसवलं. त्यात 64 धागे आणि त्यांवर ठोके टिपणारे 1024 इलेक्ट्रोड. हा आर्बॉसुद्धा पाण्यातल्याच अपघातात मानेपासून खाली गेला, बाबच्या एक वर्ष आधी. काही आठवड्यांत त्याच्या मेंदूतले बरेच धागे मागे सरकले, कर्सर अडखळू लागला, मग सॉफ्टवेअर बदलून तो पुन्हा चालता केला. फॉरवर्डमध्ये हे शेवटचं वाक्य कधी येत नाही.

आईला मी सांगितलं, "बाब उठणार नाही, आई. पण कधीतरी फोन त्याचा तो चालवेल." आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेवढं झालं तरी पुष्कळ."

आता माझं मुख्य म्हणणं. या सगळ्या बातम्यांच्या शेवटी माणसाच्या हाती काय येतं? पडद्यावरचा एक बाण आणि एक टिचकी. चिप एवढंच देते. तो बाण नेऊन ज्यावर टेकवायचा ते सरकारी संकेतस्थळ, तो अर्ज, ते बँकेचं पान, ते मात्र कॅलिफोर्नियात बनत नाही. ते इथे बनतं, आणि आज ते एका बाणानं आणि एका टिचकीनं चालत नाही.

बाब आज फोन कसा चालवतो ते सांगते. जुन्या रेडिओची एरियल घेतली, दाताखाली येईल तिथे सलाईनच्या नळीचा तुकडा चढवला, पुढच्या टोकाला स्टायलसचं काळं रबर बसवलं आणि त्यावर बारीक तार गुंडाळून ती एरियलला टेकवली. तारेशिवाय पडद्याला स्पर्श कळत नाही, हे कळायलाच आम्हाला एक महिना लागला. फोन पलंगाला बांधलेल्या सळीवर अडकवतो. काडी दातात धरून मानेनं एकेक अक्षर दाबायचं. मी घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला 11 अक्षरं, तीही सकाळी. संध्याकाळी मान दुखायला लागली की सात-आठ. समोरचे दोन दात झिजले आहेत. याच काडीनं तो गावातल्या चार कुळागरांचा सुपारीचा हिशेब ठेवतो, आणि त्याच्या हिशेबात कधी चूक निघालेली नाही.

गेल्या पावसाळ्यात त्याला एक दाखला हवा होता. अर्ज ऑनलाइन. कुठल्या खात्याचा ते लिहीत नाही, कारण एका खात्याला बोट दाखवून उपयोग नाही. बाब म्हणाला, "मी भरणार, तू लांब बस."

नाव-पत्ता झाला. जन्मतारखेला कॅलेंडर उघडलं, ते महिन्यामहिन्यानं मागे जाणारं. 1995 गाठायला साडेतीनशे वेळा त्याच बारीक बाणावर काडी टेकवायची. तारीख टाइप करू देत नव्हतं. त्यानं टेकवली. मी मोजत नव्हते, पण आईचा भात शिजून उतरला तरी त्याचं चालूच होतं. मग वेडीवाकडी अक्षरं ओळखायचा चौकोन, तो दोनदा चुकला. मग ओटीपी. तो मेसेजमध्ये जाऊन बघायचा, लक्षात ठेवायचा, परत यायचं, सहा आकडे दाबायचे. चौथ्या आकड्याला मुदत संपली. दुसरा मागवला. तो येईपर्यंत पानच म्हणालं की तुमचं सत्र संपलं, पुन्हा सुरुवात करा. नाव, पत्ता, साडेतीनशे टिचक्या, सगळं कोरं.

त्यानं तीन दिवस तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी काडी तोंडातून सोडली आणि म्हणाला, "ताई, तूच भर." मी चार मिनिटांत भरला.

महोदय, घरच्यांनी भरून दिलं म्हणजे काम झालं असं सगळे समजतात. मीही समजत होते. पण त्याचा पासवर्ड मला ठाऊक, खात्यात किती आहेत ते ठाऊक, त्याला कोणाचा मेसेज आला ते ठाऊक. तीस वर्षांच्या माणसाचं एकही पत्र बहिणीच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्याला कोणाबद्दल काही वाटलं तर ते तो कोणाच्या हातानं लिहिणार? माझ्या?

उद्या बाबच्या मेंदूत जगातली सगळ्यात चांगली चिप बसवली, तरी तो त्याच कॅलेंडरवर साडेतीनशे टिचक्या मारणार आहे आणि तोच ओटीपी त्याच्या आधी मरणार आहे. मे 2025 मध्ये ॲपलनं जाहीर केलं की मेंदूतली अशी यंत्रं आयफोन-आयपॅडला थेट जोडता येतील, आणि ती जोडणी होणार आहे ती स्विच कंट्रोल या सोयीतून. ही सोय फोनमध्ये कित्येक वर्षं आहे, एका बटणानं किंवा मानेच्या हालचालीनं फोन चालवणाऱ्यांसाठी. म्हणजे चिप ज्या दारानं आत येणार ते दार आज काडी, मान आणि डोळे वापरणाऱ्यांचंच आहे. ते आज उघडलं तर आजच्यांचंही काम होईल.

कायद्याची बाजू तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञान सुगम असण्याचं कलम आहेच. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग धरला. ते प्रकरण उभं राहिलं ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांमुळे: केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगत होते आणि त्यांना मिचकावता येत नव्हते. 2016 च्या त्या कायद्याच्या कलम 80 नं तुम्हाला कोणाच्या तक्रारीची वाट न बघता स्वतःहून चौकशी करायचा अधिकार दिला आहे. तो वापरा. राज्याच्या प्रत्येक ऑनलाइन सेवेचा अर्ज हात न लावता भरून बघितल्याशिवाय ती सेवा सुरू होऊ नये, आणि बघणाऱ्यांत बाबसारखी माणसं असावीत, त्यांना त्या कामाचा मोबदला देऊन. वेळेची मुदत वाढवता यावी, अर्धवट अर्ज साठून राहावा, तारीख टाइप करता यावी. यात एकाही गोष्टीला चिप लागत नाही.

चिपच्या आधीची साधनंही आमच्यापर्यंत पोचलेली नाहीत. डोळ्यांच्या नजरेनं कर्सर हलवणारी यंत्रं आहेत, कपाळावर ठिपका लावून मानेनं चालवायचा माउस आहे. बाबनं यातलं काही कधी हाताळलेलंच नाही, कारण विकत घेण्याआधी बघायला मिळावं अशी जागा नाही आणि न बघता एवढे पैसे घालायची आमची ऐपत नाही. 2023 च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा उत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा टीव्हीवर बघताना बाबचे डोळे चमकले होते, एवढ्या व्हीलचेअर एका ठिकाणी त्यानं कधी पाहिल्या नव्हत्या. त्या उत्सवाचं मला मनापासून कौतुक आहे. तीच दारं वर्षभर उघडी राहावीत: बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एक खोली, जिथे ही साधनं महिनाभर उसनी मिळतील आणि शिकवायला एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेल. बाबसारख्याला रुग्णवाहिकेतून बांबोळी गाठणं म्हणजे अख्खा दिवस आणि दोन माणसं, म्हणून तो थेरपिस्ट महिन्यातून एकदा तालुक्याला यावा.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि इथे मी शिक्षिका म्हणून बोलते. मिनिटाला 90 अक्षरांचा जो प्रयोग सांगितला तो इंग्रजी लिपीतला, सव्वीस अक्षरं आणि थोडी विरामचिन्हं. आमच्या पहिलीच्या वर्गात 'क्ष' काढायला मुलांना आठवडा लागतो. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर, रफार यांचा हिशेब त्या यंत्राला कोणी शिकवलेला नाही. बोलण्याचंही तसंच. 2023 मध्ये बोलता न येणाऱ्या दोन बायकांच्या मेंदूतून मिनिटाला 62 आणि 78 शब्दांच्या वेगानं वाक्यं मिळवली, तीही इंग्रजी. त्यातल्या एकीला तर यंत्रानं तिचा स्वतःचा जुना आवाज परत दिला, तिच्या लग्नातल्या व्हिडिओतून उचलून. पुढच्याच वर्षी एका माणसासाठी इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही ओळखणारं यंत्र झालं. म्हणजे दुसरी भाषा शक्य आहे, तिच्यावर कोणीतरी बसून काम करावं लागतं एवढंच. मराठीचा 'ळ', कोकणीचे नाकातले स्वर, आपण एका वाक्यात तिन्ही भाषा मिसळून बोलतो ती तऱ्हा, यावर काम करायला स्टॅनफर्डहून कोणी येणार नाही.

यातलं एक काम तर उद्यापासून करता येईल. मोटर न्यूरॉनच्या आजारात माणसाची वाचा हळूहळू जाते. आजार कळतो तेव्हा बहुतेकांना अजून बोलता येत असतं. त्याच दिवशी, गोमेकॉच्या त्याच ओपीडीतून, त्यांना एका शांत खोलीत नेऊन त्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, कोकणीत, मराठीत, ज्या भाषेत ते नातवाला हाक मारतात त्या भाषेत. त्याला एक चांगला मायक्रोफोन लागतो आणि समोर बसून ऐकणारं माणूस लागतं. लग्नातल्या व्हिडिओवर विसंबायला नको.

तिसरी गोष्ट लिहायला जड जाते. अपघातानंतर दुसऱ्या वर्षी एका माणसानं आम्हाला गोव्याबाहेरच्या एका दवाखान्याचा पत्ता दिला. स्टेम सेलची इंजेक्शनं, सहा महिन्यांत बोटं हलतील. बाबांनी (आमच्या वडिलांनी) पोफळींचा एक भाग विकला. तीन इंजेक्शनं झाली. बोट हललं नाही, उलट प्रवासात बाबच्या पाठीला जी जखम झाली ती भरायला पाच महिने लागले. पैसे परत मागायला गेलेले बाबा रिकाम्या हातानं आले आणि त्यानंतर त्या विषयावर घरात बोलणं झालं नाही. ते आता नाहीत.

चिपच्या नावानं उद्या हेच होणार. कोणीतरी फोन करील, "तुमच्या भावाचं नाव प्रयोगात घालतो, आगाऊ इतके भरा." म्हणून तुमच्या सहीचं एक पान मराठीत आणि कोकणीत निघावं, पंचायतींत, आरोग्य केंद्रांत लागावं. त्यात साध्या शब्दांत लिहावं की खरा वैद्यकीय प्रयोग भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत असतो, नंबर मागा, तपासून बघा. भाग घेणाऱ्याकडून पैसे घेणारा प्रयोग दिसला तर आधी तुम्हाला फोन करा. प्रयोगात इजा झाली तर भरपाईचा नियम आहे, तोही लिहा. आणि बाबनं स्वतः घालायला सांगितलेलं एक वाक्य: "मी नाही म्हणालो तर माझे उपचार बंद होणार नाहीत, हे माझ्या भाषेत लिहून द्या."

तो प्रयोग कधी खरंच गोव्यात आला तर एक प्रश्न तुम्ही आमच्या वतीनं विचारा: संपल्यावर काय? अमेरिकेतल्या सेकंड साइट या कंपनीनं अंधांच्या डोळ्यांत आर्गस नावाचं यंत्र बसवलं, जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांना. कंपनीचे पैसे संपले, दुरुस्ती थांबली, आणि लोकांच्या डोळ्यांत बंद पडलेलं यंत्र तसंच राहिलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कर्णबधिर मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं, ते चांगलंच आहे. पण आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या कानामागच्या यंत्राची वायर तुटली आणि नवी येईपर्यंत ती अडीच महिने वर्गात नुसती माझ्या ओठांकडे बघत बसायची. कानाची वायर आली नाही तर एवढं होतं. मेंदूतल्या यंत्राची बॅटरी, सॉफ्टवेअर, काढायची वेळ आली तर ती शस्त्रक्रिया, याची लेखी हमी आणि त्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा दाखवल्याशिवाय कोणालाही इथे परवानगी मिळू नये, असं तुम्ही आत्ताच कळवून ठेवा.

वीज हीसुद्धा यातलीच गोष्ट. मिरग लागला की आमच्याकडे फांदी पडून तासन् तास वीज जाते. बाबची हवेची गादी पंपावर चालते. पंप थांबला की गादी बसते आणि आम्ही दोघी टॉर्च लावून दर अर्ध्या तासाला त्याला हलवत राहतो. मेंदूतलं यंत्रही चार्ज करावं लागतं. अशा घरांची यादी वीज खात्याकडे असावी आणि दुरुस्तीला त्यांची पाळी आधी यावी. इन्व्हर्टरला मदत मिळाली तर उत्तमच.

या पत्रातला वायर आणि तारेचा मजकूर बाबनं तपासला. 'रबरावर तार गुंडाळून' हे मी विसरले होते, ते त्यानं काडीनं घातलं. 'मी नाही म्हणालो तर' हे वाक्यही त्याचंच, त्याला वीस मिनिटं लागली.

तुम्ही आमच्या घरी यावं अशी विनंती आहे. येताना तुमच्या खात्यातल्या संकेतस्थळ बनवणाऱ्या कोणालातरी आणा. एक जास्तीची काडी आम्ही करून ठेवली आहे, नळी नवी आहे. त्यांनी हात मांडीखाली घालून बाबच्या शेजारी बसावं आणि कुठलाही एक अर्ज भरून बघावा. चारनंतर या. दोन ते चार त्याला डाव्या कुशीवर ठेवलेलं असतं, तेव्हा त्याला पडदा दिसत नाही.

आपली नम्र,
बाबची ताई
फोंडा तालुका